स्कोपच्या रिंगा घेताना: बरिस सिग्नेचर झी, 30 मिमी, मिडियम

ओहायोत रायफलचा छंद लागलेली आपली बरीच मंडळी आहेत. रेंजवर भेटल्यावर त्यातलं कुणी विचारलं, की मी बरिस कंपनीच्या सिग्नेचर झी रिंगांचं नाव सांगते. (स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण, आणि तिला रायफलवर धरून ठेवतात त्या रिंगा.) नाव लिहून घेतात आणि लगेच विचारतात, "साइझ कुठली घेऊ?" याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, आणि लोकांचे पैसे वाया जातात ते इथेच. म्हणून रिंगा कशा आहेत हे सांगण्याआधी माप कसं काढलं ते सांगते.

माझी रायफल सीझेड 457, .22 एलआर या लहान गोळीची, जाड बॅरलची. त्यावर व्हॉर्टेक्सचा डायमंडबॅक टॅक्टिकल 4-16x44 स्कोप. यातला 44 हा पुढच्या काचेचा व्यास. रिंगेशी त्याचा थेट संबंध नाही. रिंग पकडते ती मधली नळी, आणि या स्कोपची नळी 30 मिमीची आहे. दुसरं नेहमीचं माप एक इंच, म्हणजे 25.4 मिमी. लांब पल्ल्याच्या मोठ्या स्कोपना 34 मिमीचीही नळी येते. "50 चा स्कोप आहे, 50 ची रिंग द्या" असं काउंटरवर सांगणारे लोक मी पाहिलेत. नळी जाड असली की उजेड जास्त येतो, हाही एक पक्का गैरसमज. उजेड ठरतो पुढच्या काचेवर आणि काचेच्या दर्जावर. जाड नळीत काटा (स्कोपमधून दिसणारी नेमाची फुली) वरखाली करायला जागा जास्त मिळते, तिचा खरा फायदा तो.

नळीचं माप स्कोपच्या खोक्यावर छापलेलं असतं, त्यामुळे ते सोपं. अवघड आहे ती उंची. लो, मिडियम, हाय ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने देते. एकाची मिडियम दुसऱ्याच्या लो एवढी निघते. शिवाय उंची कुठून कुठे मोजायची यावरही एकमत नाही. काही जण रेलच्या (रिंग जिच्यावर बसते त्या पट्टीच्या) माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंत मोजतात, काही जण रिंगेच्या आतल्या तळापर्यंत. 30 मिमीच्या रिंगेत या दोन आकड्यांत बरोब्बर 15 मिमीचा फरक पडतो. कंपनीचा उंचीचा तक्ता वाचताना आधी ती बारीक रेघ कुठून कुठे ओढली आहे ते पाहा, आकडा नंतर.

मी मूळची गडहिंग्लजची. लग्नाआधी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्शनला होते, त्यामुळे व्हर्नियर घरात असतोच. स्कोपच्या पुढच्या फुगीर भागाचा बाहेरचा व्यास मोजला, तो 52 मिमी भरला. काच 44 ची असली तरी तिच्याभोवती धातू आहे, आणि बॅरलला लागणार तो धातू. त्याचा निम्मा 26. रायफलच्या डवटेलवर (माथ्यावरच्या मूळ खोबणीवर) मी पिकाटिनी (आडव्या खाचांची) रेल बसवली आहे, तिचा माथा बॅरलच्या माथ्यापेक्षा 6 मिमी वर आहे. 26 मधून 6 गेले, राहिले 20. झाकणासाठी आणि बोट फिरण्यासाठी 3 मिमी धरले. म्हणजे रेलपासून नळीच्या मध्यापर्यंत निदान 23 मिमी हवेत, आणि रिंगेच्या तळापर्यंत मोजायचं तर 8 मिमी. एवढं कागदावर मांडलं आणि मग तक्ता उघडला. मिडियम बसत होती.

यात दोन गोष्टी आणखी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे बोल्ट (गोळी भरायला मुठीने उचलून मागे ओढायचा दांडा). 457 चा बोल्ट 60 अंशांतच उघडतो, आधीच्या 455 ला 90 अंश लागायचे. त्यामुळे मूठ स्कोपच्या मागच्या भागाला घासत नाही. जुन्या रायफलवर हे आधी तपासावं, कारण तिथे पुढची काच मोकळी असूनही मागे अडचण येऊ शकते. दुसरी गोष्ट तुमचा गाल. रिंग उंच झाली की दस्त्यावर गाल टेकत नाही, मान हवेत राहते आणि दर वेळी डोळा वेगळ्या जागी जातो. "शक्य तितकी खाली बसवा" असं जुने लोक सांगतात, ते मला अर्धंच पटतं. माझी मान लांब आहे, फार खाली बसवलेल्या स्कोपमागे मला मान दुमडून बसावं लागतं. मिडियमला गाल टेकला की काटा समोर येतो. आखूड मानेच्या माणसाला याच उंचीवर दस्त्याला गालपट्टी लावावी लागेल. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल आरामात टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं तर उंची तुमची.

आता रिंगांबद्दल. साध्या रिंगेत धातू थेट स्कोपच्या नळीवर दाबतो. पुढची आणि मागची रिंग केसभर जरी एका रेषेत नसली, तरी आवळताना नळीला पीळ बसतो किंवा चरे उमटतात. त्यासाठी लोक रिंगा आतून घासून घेतात, त्याला लॅपिंग म्हणतात. सिग्नेचर मालिकेत ही भानगडच नाही. रिंगेच्या आत प्लॅस्टिकसारखे दोन अर्धगोल तुकडे बसतात. त्यांची बाहेरची बाजू फुगीर, रिंगेची आतली बाजू तशीच खोलगट. स्क्रू आवळताना तुकडे आपोआप फिरून नळीच्या रेषेत येतात. हे हाताला जाणवतं: वरचा भाग ठेवून नळी हलकेच दाबली की तुकडे आत सरकून शांत बसतात. मी स्कोप एकदा काढून नळी भिंगाखाली धरली, एक ओरखडाही नव्हता.

याच तुकड्यांची खरी करामत पुढे आहे. सोबत येतात ते शून्य मापाचे. वेगळा संच घेतला तर 5, 10 आणि 20 थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तुकडे मिळतात, प्रत्येकावर अधिक किंवा उणे छापलेलं. .22 ची गोळी हळू जाते. 50 यार्डांना झीरो केलेली (म्हणजे काट्यावर नेमकी लागेल अशी जुळवलेली) साध्या वेगाची गोळी 100 यार्डांना सहा-सात इंच खाली पडते, त्यापुढे तर झपाट्याने. म्हणून स्कोप मागून किंचित उचललेला बरा, म्हणजे काट्याची वरची जागा शिल्लक राहते. माझी रेल सपाट आहे. मी मागच्या रिंगेत खाली अधिक 10, वर उणे 10 टाकले आणि पुढच्या रिंगेत उलटं. मागे 10 थाऊ वर, पुढे 10 थाऊ खाली, एकूण 20. दोन रिंगांत 4 इंच अंतर धरलं तर हा उतार साधारण 17 एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) येतो, म्हणजे 100 यार्डांना सुमारे 18 इंच. उताराची नवी रेल घ्यावी लागली नाही. एकाच रिंगेतल्या वरच्या-खालच्या तुकड्यांची बेरीज शून्य आली पाहिजे, हा नियम मात्र मोडायचा नाही.

बसवायला साध्या रिंगेपेक्षा वेळ लागतो, कारण चार तुकडे, त्यांची चिन्हं आणि स्कोपची पातळी एकाच वेळी सांभाळायची असते. मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला दोरीला ओळंबा टांगते, रायफल लेव्हलवर पक्की करते आणि काट्याची उभी रेघ दोरीवर बसवते. मग वरचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) हवाच. स्कोपवाल्यांनी 15 ते 18 इंच-पाउंड सांगितलंय, त्यापलीकडे मी जात नाही. रिंगा वीव्हर आणि पिकाटिनी या दोन्ही प्रकारच्या रेलवर चालतात. पण पिकाटिनीची खाच वीव्हरपेक्षा रुंद असते, .206 इंच विरुद्ध .180, म्हणून रिंग पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या कडेला टेकवायची आणि मगच खालचा नट आवळायचा. गोळी सुटल्यावर स्कोप जायला बघणार तो पुढेच, कारण रायफल मागे येते.

गावाकडून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: आपला स्वप्निल कुसाळे कुठला स्कोप वापरतो? कांबळवाडीच्या या पोराने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य आणलं, ते बिनस्कोपचं. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही, मागे बारीक छिद्राची साइट असते. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिचमध्ये जगज्जेती झाली तीही तशीच. तेव्हा पोरांना त्या वाटेने पाठवायचं असेल तर रिंगांवर पैसे घालू नका.

घरी स्प्रिंगची एअर रायफल असणाऱ्यांनीही या रिंगा घेऊ नयेत. तिचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे बसतो आणि स्कोप डवटेलवरून सरकत जातो. तिला 11 मिमी डवटेलचा, खाली अडकणारी पिन असलेला अखंड माउंट हवा.

बाकी .22 बोल्ट अ‍ॅक्शनवाल्यांनी बिनदिक्कत घ्याव्यात. स्वस्तातल्या रिंगांपेक्षा महाग आहेत, पण स्कोपवर एवढे पैसे घातल्यावर इथे हात आखडण्यात अर्थ नाही. तुकड्यांचा वेगळा संच मागवताना नळीचं माप पुन्हा तपासा. एक इंची रिंगेचे तुकडे 30 मिमीच्या रिंगेत चालत नाहीत.