पीयूसी, ओटू सेन्सर आणि गेलेले 7,800 रुपये

पीयूसी नापास झाल्यावर केंद्रावरच्या माणसानेच एखाद्या गॅरेजचं कार्ड हातात ठेवलं, तर गाडी तिकडे नेऊ नका. माझे 7,800 रुपये असेच गेले आणि आणखी 38,000 जाता जाता राहिले. नाशिकमध्ये हा प्रकार माझ्या एकटीच्याच बाबतीत झाला असेल असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी 2018 ची, पेट्रोल, बीएस-4 (गाडीच्या धुराच्या नियमांचा टप्पा). चेक इंजिनचा पिवळा दिवा अधूनमधून लागायचा, ॲव्हरेजही पडलं होतं. पीयूसीची मुदत संपत आली म्हणून द्वारकेच्या पुढच्या एका केंद्रावर गेले. बीएस-4 पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, 0.3 टक्क्यांच्या आत लागतो. माझा आला 1.6. मशीनवरचा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, ओटू सेन्सर गेलाय. या भाऊंकडे जा. नाहीतर वरचे तीनशे द्या, आत्ताच पास करून देतो." सायलेन्सरमधून आलेल्या एका आकड्यावरून कुठला पार्ट गेला हे याला कसं कळलं, ते त्यालाच ठाऊक.

वरचे तीनशे मी दिले नाहीत. नापास झाल्याचा कागद मागितला, तर म्हणे तसलं काही मिळत नाही. मिळतं. 2021 मध्ये देशभर पीयूसीचा एकच नमुना आला, क्यूआर कोड आला, त्याच वेळी रिजेक्शन स्लिपही आली. गाडी नापास झाली तर कारणासकट ती स्लिप द्यायची असते आणि ती घेऊन आपण आपल्या पसंतीच्या गॅरेजला जाऊ शकतो. कदाचित म्हणूनच देत नसावेत.

गॅरेज तिथून जवळच होतं. त्यांनी स्कॅनर लावला, कोड निघाला पी 0131. याचा अर्थ पुढच्या ओटू, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज सतत कमी येतंय, एवढाच. सेन्सर खराब असू शकतो, वायर तुटलेली असू शकते, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठेतरी गळती असू शकते. यातलं काहीही न तपासता "सेन्सर बदलावा लागेल, ओरिजिनल 7,800" असा निकाल लागला. खोकं दाखवा म्हटलं तर "खोकं फेकलं ताई, पार्ट बघा ना". जुना सेन्सर मागितला तर तो भंगारात गेला होता, अर्ध्या तासात! बिल म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाले. पैसे मी यूपीआयने दिले, तेवढाच काय तो पुरावा.

मग त्यांचाच मुलगा माझ्यासोबत पुन्हा त्याच केंद्रावर आला. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे कुणी काही मोजत असलं की माझं लक्ष आपोआप हाताकडे जातं. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये चांगली आत सारायची असते. केंद्रावरच्या पठ्ठ्याने ती तोंडाशी जेमतेम बोटभर टेकवली होती, अर्धं टोक बाहेर. बाहेरची हवा मिसळली की कार्बन मोनॉक्साइड खाली येणारच. वास्तविक बीएस-4 गाडीला 2,500 आरपीएमच्या आसपास धरून लॅम्बडाही (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) बघायचा असतो, तो 0.97 ते 1.03 मध्ये लागतो आणि हवा मिसळली की तिथे लगेच पकडलं जातं. ती चाचणी झालीच नाही. "ताई, झाली पास." मी तिथेच हरकत घेतली, तर "तुम्हाला पीयूसी पाहिजे का नको?"

थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला. गॅरेजवाल्याने यावेळी स्कॅनरही लावला नाही. "कॅटलिटिक कन्व्हर्टर बसला. नवीन 38,000. जुना आमच्याकडे ठेवा, दोन हजार कमी करतो." हे ऐकल्यावर मात्र माझ्या डोक्यात घंटा वाजली. जुन्या सेन्सरचं भंगार झालं आणि जुन्या कन्व्हर्टरवर एवढं प्रेम? कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. चालू असो की बंद, भंगारवाल्याकडे त्याला मोल आहे. चांगला कन्व्हर्टर काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी आतून पोकळ डबा बसवायचा, हा धंदा जुना आहे.

गाडी घेऊन निघाले. कंपनीतल्या एका दादांनी सातपूरच्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण इंजिन थंड पाहिजे म्हणाले. सकाळी चालू करताच बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू आली, ती इंजिन तापल्यावर बंद पडते. पोराने हाताला जाड फडकं गुंडाळून सायलेन्सरचं तोंड दाबलं आणि मिस्त्रींनी मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या) जोडावर साबणाचं पाणी मारलं. एका कोपऱ्यात बुडबुडे फुटायला लागले. खाली धातूवर काळ्या काजळीचा ओघळ होता, म्हणजे जोडातली पट्टी, गॅसकेट, बरेच दिवसांपासून गळत होती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, इंजिनचा कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय आणि आणखी सोडतो. म्हणून ॲव्हरेज पडलं, म्हणून 1.6. माझा मूळ सेन्सर दिसत होतं तेच सांगत होता बिचारा.

आणि त्याच्या जागी बसवलेला "ओरिजिनल"? मिस्त्रींनी तो खोलून माझ्या तळहातावर ठेवला. टोकावर तारेच्या ब्रशचे ओरखडे, वर चंदेरी रंग, चारही वायरी मध्येच कापून दुसऱ्या गाडीच्या प्लगला जोडलेल्या आणि त्यावर काळी टेप. माझ्या गाडीचा नवीन सेन्सर प्लगसकट येतो, वायर कापायचं कारणच नसतं. तो खोलण्याआधी मिस्त्रींनी स्कॅनरवर त्याचं व्होल्टेजही दाखवलं होतं. चांगला सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो, हा एकाच ठिकाणी लोळत होता. चांगला गेला, मेलेला आला. कंपनीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून खरा आणला, तर खोक्यावर छापील किंमत 4,100. गॅसकेट आणि मजुरी मिळून हजाराच्या आत भागलं. दुसऱ्या केंद्रावर नळी नीट आत घालायला लावून चाचणी केली, कार्बन मोनॉक्साइड 0.08 आला. कन्व्हर्टर ठणठणीत होता.

पहिल्या गॅरेजवर फोटो घेऊन गेले तेव्हा मालक म्हणाले, "हा आमचा पार्टच नाही. मधे तुम्ही दुसरीकडे गाडी खोलली." याला उत्तर नाही, कारण खोलताना मी व्हिडिओ काढलेला नव्हता. तुम्ही काढा. गाडीचा नंबर दिसेल असा सुरू करा आणि पार्ट बाहेर येईपर्यंत थांबवू नका. त्याही आधी, काम सांगतानाच बजावून ठेवा की जुना पार्ट घरी न्यायचा आहे. तो आपल्याच मालकीचा असतो, आणि हे आधी सांगितलं की पुष्कळदा "गेलेला" पार्ट आपोआप बरा होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती, कार्डामागचा आकडा, सेन्सरचे फोटो, सगळं जोडलं. पीयूसी केंद्राबद्दल पेठ रोडच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. हेल्पलाइनवर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. मागच्या आठवड्यात गॅरेजमधून फोन आला, "ताई, एक सर्व्हिसिंग फुकट करून देतो, तक्रार मागे घ्या." गाडी पुन्हा त्यांच्या हातात द्यायची! नाही म्हणून सांगितलं.