‘र’ चार जागी बसतो: साताऱ्यातल्या एका बाईंच्या वाचनवर्गाबद्दल

चौदा महिने, दर मंगळवारी आणि गुरुवारी, मी माझ्या मुलीला, मुक्ताला घेऊन साताऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या वर्गावर जात होते. वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठीचा वर्ग. त्या वर्गाबद्दल लिहिते आहे. बाईंचं नाव देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. त्या एका वेळी बाराच मुलं घेतात आणि थांबलेल्यांची यादी आधीच मोठी आहे. तरीही लिहायचं, कारण अशा वर्गात काय बघायचं हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमचं एक अख्खं वर्ष वाचलं असतं.

मुक्ता तेव्हा चौथीत, मराठी माध्यमात. तिसरीपर्यंत आम्हाला काही कळलंच नाही. माझ्या सासूबाई रोज रात्री तिला धडा वाचून दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती पुस्तक हातात धरून तोच धडा घडाघडा म्हणायची. घरात सगळे खूश. एकदा माझ्या लक्षात आलं की ती पान उलटते ते दोन ओळी उशिरा. तोंडातला मजकूर पुढच्या पानावरचा, डोळे अजून मागच्या पानावर. त्या रविवारी मी तिच्यासमोर किराणा यादी ठेवली. ‘हरभरा डाळ’ वाचता येईना. म्हणाली, “आई, तुझं अक्षर खराब आहे गं.” मग मी छापलेली पुडी दिली. तीही येईना.

शाळेतून शेरा यायचा, ‘लक्ष देत नाही.’ दंगा करणारं मूल शिक्षकांच्या नजरेत लगेच भरतं. मुक्ता मागच्या बाकावर गप्प बसायची, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवायची. तिच्या गप्प बसण्याला आम्ही सगळेच शहाणपणा म्हणत राहिलो.

आधी पुण्यात एका खाजगी दवाखान्यात तपासणी केली. साडेपाच हजार रुपये, दीड तास, आणि सहा पानांचा इंग्रजी अहवाल. त्यात बुद्ध्यांकाचा आकडा होता, आलेख होते आणि शेवटच्या ओळीत ‘रेमेडिअल घ्यावे’, म्हणजे अडचणीप्रमाणे वेगळं शिकवावं, एवढंच. वाचनाची परीक्षा इंग्रजी शब्दांच्या यादीवर घेतली होती. जी मुलगी दिवसभर मराठीत शिकते, तिला इंग्रजी शब्द वाचता आले नाहीत यावरून काय कळणार? मी पतसंस्थेत कॅशियर आहे. खात्यात जे लिहिलंय त्याचीच तपासणी करावी लागते, हे मला कळतं. अहवाल घेऊन मी वर्गशिक्षिकेकडे गेले. त्यांनी पहिलं पान बघितलं, परत दिला, म्हणाल्या, “मग मी नेमकं काय करू?” मला त्यांचा राग आला नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

बाईंकडे पहिल्या दिवशी मुक्ताला कुणीही वाचायला सांगितलं नाही. आधी म्हणाल्या, कान आणि डोळे तपासून या, कागद आणा, मग बोलू. पुढच्या वेळी त्यांनी पहिलीपासूनच्या वह्या मागितल्या. आमच्याकडे तिसरीच्या आणि चौथीच्याच होत्या. त्या वह्या त्यांनी पाऊण तास बघितल्या. ‘घर’च्या जागी ‘धर’, ‘भात’च्या जागी ‘मात’, ‘पिशवी’ची वेलांटी ‘श’वर. शेजारी पेन्सिलीनं खुणा करत होत्या. मग मला विचारलं, बोलायला कधी लागली, कान फुटायचा का, गाणी-बडबडगीतं पाठ व्हायची का. शेवटी मुक्ताच्या बाबांकडे वळून म्हणाल्या, “दादा, तुमच्या घरात कुणाला शाळेत असा त्रास होता का?”

आमचे हे मोटार रिवाइंडिंगचं काम करतात. जळकी मोटार उघडून बघितली की किती वेढे घालायचे ते यांना तोंडपाठ. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मी दहावीला दोनदा बसलो. अजून पेपर मोठ्यानं वाचायला मला नको वाटतं.” लग्नाला तेरा वर्षं झाली होती. मला हे माहीत नव्हतं. वाचनाची अक्षमता घराण्यात चालत येऊ शकते, हे बाईंनी तेव्हा समजावलं, आणि हेही की मूल आळशी किंवा मठ्ठ असण्याशी याचा संबंध नाही. घरी येताना हे मुक्ताचा हात धरून चालत होते.

बाई स्वतः मानसशास्त्रज्ञ नाहीत, आणि त्या तसं स्पष्ट सांगतात. महिन्यातून एकदा एक मानसशास्त्रज्ञ त्यांच्या वर्गावर येतात आणि चाचण्या ते घेतात. मुक्ताची वाचनाची चाचणी ‘डाली’वर झाली, मराठीतली. ही हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेली आहे. सुरुवातीला मराठी, हिंदी, कानडी आणि इंग्रजी अशा चार भाषांत, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. बुद्ध्यांकासाठी बिने-कामत. मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेतच तपासणार का, हा प्रश्न कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी विचारा.

दुसरं, भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. विशेष शिक्षकाला या परिषदेची नोंदणी लागते आणि त्यावर क्रमांक असतो. बाईंचं प्रमाणपत्र दारातून आत गेल्या गेल्या समोर दिसतं.

आता शिकवण्याबद्दल. इथे मला जरा जास्त लिहायचंय.

आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण मोठ्या अभिमानानं म्हणतो. बाईंच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मुलाच्या डोळ्याला ती कशी दिसते. ‘पि’ घ्या. तोंड आधी ‘प’ म्हणतं, पण डोळ्याला आधी वेलांटी भेटते. आणि ‘र’ तर चार जागी बसतो. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात तिरका, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी टोपीसारखा, आणि ‘दऱ्या’मध्ये चंद्रकोरीसारखा पुढच्या अक्षराला टेकलेला. बाकीची मुलं हे कधी शिकतात ते त्यांनाही कळत नाही. मुक्तासारख्या मुलांना ते एकेक करून दाखवावं लागतं.

बाईंनी नुसत्या ‘र’वर तीन आठवडे घेतले. पितळी ताटात रांगोळी पसरायची, बोटानं रफार काढायचा, काढताना तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, मग ताट हलवून पुसायचं. जुन्या काळच्या धूळपाटीसारखंच. लाकडी ठोकळ्यांवर अर्धी अक्षरं. ‘सर्प’ म्हणताना टाळी कुठे पडते ते आधी ऐकायचं, मग ठोकळे लावायचे, मग ताटात काढायचं, वहीत सगळ्यात शेवटी. ऐकणं, बघणं, हात आणि तोंड चारही एकदम कामाला. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही, आणि प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं मागच्या तासाची. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळले होते. मुक्ता कंटाळली नव्हती. तिच्यासाठी शाळेतला एवढा एकच विषय होता जो तिला सोडून पुढे जात नव्हता.

आकड्यांची गोष्ट मला अजून बोचते. मुक्ता ‘सदतीस’ ऐकून ७३ लिहायची, ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीस-बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ म्हणणं आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही पतसंस्थेतल्या सगळ्यांबरोबर हसले होते. ‘सदतीस’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि तीन आधी लिहायचा असतो, ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो तीन. कुठलंही मराठी मूल इथे एकदा अडखळतंच. पण बाकीची दुसरी-तिसरीत सावरतात, मुक्ता चौथीतही तिथेच होती. बाई तिला आधी ‘तीस आणि सात’ म्हणायला लावायच्या, मग लिहायला, मग ‘सदतीस’. गणित मात्र त्यांचा हातखंडा नाही, आणि हेही त्यांनी स्वतःच पहिल्या महिन्यात सांगितलं. गणन अक्षमता, म्हणजे आकड्यांचीच अडचण, मुख्य असलेल्या मुलांना त्या दुसरीकडे पाठवतात.

पण हा वर्ग मला सगळ्यात मोलाचा वाटला तो एका कागदामुळे. दोन महिने झाल्यावर बाईंनी एका पानावर, मराठीत, हातानं सहा ओळी लिहिल्या आणि माझ्याबरोबर शाळेत आल्या. मुक्ताला पहिल्या बाकावर बसवा. आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय वर्गासमोर मोठ्यानं वाचायला लावू नका. फळ्यावरचं उतरवायला पाच मिनिटं जास्त द्या, नाहीतर छापील द्या. परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. उत्तर येत असेल तर तोंडी विचारा. शब्द चुकला तर वर्गात नाही, वहीत सांगा.

वर्गशिक्षिकेच्या वर्गात बेचाळीस मुलं होती. त्या आधी चिडल्या, “सगळ्यांनी असे कागद आणले तर?” बाई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, यातलं कुठलं जमणार नाही ते खोडा, बाकीचं ठेवू.” मॅडमनी पेन काढलं. पेन बराच वेळ कागदावर फिरलं आणि शेवटी त्यांनी एकच ओळ खोडली, छापील देण्याची. दुसऱ्या सोमवारपासून मुक्ता पहिल्या बाकावर होती. सहा पानी अहवालानं वर्षभरात जे झालं नव्हतं ते या सहा ओळींनी आठवड्यात झालं. पुढे मॅडमनी आपणहून आणखी दोन मुलांच्या वह्या बाईंना दाखवायला पाठवल्या.

खरं म्हणजे हे शोधण्याचं काम कुणा पालकाच्या नशिबावर सोडलेलं नाहीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, येते, आणि अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांना मदत करावी, हे त्या कायद्यानं शिक्षणसंस्थांवर टाकलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि त्यानंतर केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांत विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरांमागे एक, असं प्रमाण घालून दिलंय. मुक्ताच्या शाळेत मला विशेष शिक्षक कधी भेटले नाहीत. बाईंची यादी लांब आहे ती त्यामुळेच.

मुलाच्या अक्षमतेच्या प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगते. खाजगी अहवाल कितीही जाड असला तरी बोर्डाच्या सवलतींना चालत नाही, सरकारी रुग्णालयातूनच प्रमाणित करून घ्यावं लागतं. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच ते मिळायचं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असायची; आताचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. आम्हाला तीन खेपा पडल्या, प्रत्येक खेपेला माझी एक रजा गेली. बाईंनी कागदांची यादी आधीच लावून दिली होती म्हणून तीनवर निभावलं. १९९६ साली महाराष्ट्र सरकारनं देशात सगळ्यात आधी अशा मुलांसाठी सवलती सुरू केल्या, त्यामुळे दहावीला ज्यादा वेळ, लेखनिक वगैरे मिळण्याची वाट तयार आहे. तासाला वीस मिनिटं ज्यादा म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अक्षर लावून वाचणाऱ्या मुलाला तो एक तास किती लागतो ते घरी घड्याळ लावून बघा.

जे चांगलं नाही तेही लिहायला हवं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आमच्या वेळेला मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेला एक मुलगा यायचा. त्याचे वडील त्याला उचलून चाळीस पायऱ्या चढायचे, आणि मुलगा मोठा होत चाललाय. विशेष मुलांच्या वर्गाला हे शोभत नाही. मी बाईंना दोनदा बोलले. तळमजल्याचं भाडं परवडत नाही म्हणाल्या. ते खरं असेल, पण त्या वडिलांची पाठ आता दुखते. नोकरी करणाऱ्या पालकांना दुपारी चारची वेळ फार अवघड आहे आणि संध्याकाळची तुकडी नाही. फी पंचेचाळीस मिनिटांना चारशे रुपये, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन हजार. ज्यांना परवडत नाही त्यांना बाई कमी करतात, पण मागायला संकोच वाटतो. त्यांनी ते दारावर लिहून ठेवलं तर बरं होईल. आम्ही पाच महिने थांबलो तेव्हा जागा मिळाली.

लगेच फरक दिसेल अशा अपेक्षेनं जाऊ नका. आम्हाला पहिले चार महिने काहीही दिसलं नाही. बाई दर महिन्याला मुक्ताचं वाचन एक मिनिट मोजायच्या आणि आकडा आमच्यासमोर वहीत लिहायच्या. पहिल्या महिन्यात ११ शब्द, चौथ्यात १४, चौदाव्यात ५२. सहावीतल्या मुलीला हे कमीच आहे आणि ती कदाचित नेहमीच सावकाश वाचेल, असं बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय. सध्या आम्ही फक्त गुरुवारी जातो. मुक्ताचे बाबाही येतात, दुकान तासभर बंद ठेवून. ताटात रांगोळी तेच पसरतात.

बाईंना पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा मुलाच्या जुन्या वह्या न्या, जितक्या मिळतील तितक्या. नवीन कोऱ्या वहीत सुंदर अक्षरात लिहून घेऊन जाऊ नका. बाईंना खोडलेलं बघायचं असतं.