सिएरा लिओनच्या सहलीचे पैसे कुणाच्या खात्यात जातायत?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला आपल्याकडून फारसं कुणी जात नाही आणि ठगांचं फावतं ते त्यामुळेच. ज्याला विचारावं असं ओळखीचं माणूस सापडत नाही. आम्हाला लुबाडणारा उत्तम मराठी बोलत होता. "ताई, तिथलं सगळं माझ्यावर सोडा," म्हणायचा. चिंपांझी, टिवाई बेट, बिंटुमानीची चढाई, समुद्रकिनाऱ्यावरची खोली असं सगळं त्याने जून 2025 साठी विकलं आणि पैसे हप्त्याहप्त्याने यूपीआयवर घेतले.

लुंगी विमानतळावर उतरल्याबरोबर पहिला दणका बसला. तिथे परदेशी प्रवाशाला येताना 25 आणि जाताना 25 डॉलर सुरक्षा शुल्क द्यावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर स्वतःच भरता येतं, मध्यस्थ लागत नाही. त्याने आमच्याकडून ही रक्कम घेऊन क्यूआर कोडच्या पावत्या पाठवल्या होत्या. त्या स्कॅनच होईनात. पैसे पुन्हा भरले, मग खाडी ओलांडून फ्रीटाऊनला नेणारी बोट पकडली.

सगळ्यात जास्त चीड आली ती टाकुगामाची. बाला अमरसेकरन यांनी 1995 मध्ये उभारलेलं हे अनाथ चिंपांझींचं आश्रयस्थान. चिंपांझी हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी. भोवतालच्या जंगलावर अतिक्रमण होतंय, झाडं तोडली जातायत, याचा निषेध म्हणून संस्थेने मे 2025 च्या अखेरीस पर्यटकांसाठी दरवाजे बंद केले. त्यानंतर त्या माणसाने आमच्याकडून शेवटचा हप्ता घेतला आणि जूनच्या तारखेचं 'प्रवेशपत्र' पाठवलं! स्वतःचं जंगल वाचवायला उत्पन्नावर पाणी सोडणाऱ्या माणसांच्या नावावर हा पैसे उकळत होता. अशा माणसाला काय म्हणावं?

बिंटुमानी सुमारे 1,945 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास 300 मीटरने जास्त. "जूनमध्ये हवा मस्त असते," असं त्याने लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात तिथे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. पायथ्याच्या गावांकडचा रस्ता पावसात कसा असतो ते स्थानिक ड्रायव्हरने सांगितलं आणि आम्ही बेत रद्द केला. डोंगर चढायचाच असेल तर डिसेंबर ते मार्च या काळात जा. पायथ्याच्या गावात आधी गावप्रमुखाला भेटून परवानगी घ्यायची रीत आहे. आमच्या 'परमिट'वर मात्र कुठल्याशा खात्याचा शिक्का होता.

रिव्हर नंबर टू या किनाऱ्याला त्याने 'खासगी बीच' म्हटलं होतं. पांढरी वाळू, मागे हिरवे डोंगर, वर्णन अगदी खरं. पण तो किनारा गावकरीच सांभाळतात, तिथेच पैसे देऊन आत जाता येतं. त्याने लावलेल्या रकमेतला छदामही गावात पोचला नव्हता.

टिवाईलाही आमच्या नावाचं बुकिंग नव्हतं. बेटाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी तरीही मोआ नदीतून पलीकडे नेलं, राहायला जागा दिली. जेमतेम 12 चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर माकडं, चिंपांझी अशा वानरवर्गीय प्राण्यांच्या 11 जाती आहेत. डायना माकडं पाहिली, बुटका पाणघोडा काही दिसला नाही. पुढच्याच महिन्यात गोलाचं जंगल आणि टिवाई मिळून 'गोला-टिवाई'चं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. आता तिकडे जाणारे वाढतील, आणि त्यांना गाठणारे असे दलालही.

परतल्यावर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्याचा फोन बंद आहे आणि खातं भलत्याच नावावर निघालं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आणखी एक. लस न घेताच पीतज्वराचं प्रमाणपत्र 'करून देतो' असंही तो म्हणाला होता. ते आम्ही ऐकलं नाही. लस अधिकृत केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. वैध प्रमाणपत्र नसेल तर परतताना भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. जागा बुक करताना त्या त्या ठिकाणच्या लोकांना थेट लिहा आणि दलालाला पैसे देण्याआधी त्यांचं उत्तर येऊ द्या.