हीरोक्वेस्ट परत आलाय, बिनधास्त घ्या
१९८९ चा हीरोक्वेस्ट हा पटावरचा खेळ अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीनं परत काढलाय, आम्ही परभणीत मागवला अन् सुट्टीत रोज दुपारी कूलरपुढं बसून तेच खेळायलोत. कुरिअरवाल्यानं खोका पार चेपून आणला, एका सांगाड्याच्या सोंगटीचा कोयता वाकला होता, गरम पाण्यात धरून सरळ केला. चार हीरो, समोर झारगॉन हा दुष्ट जादूगार, अन् झारगॉन व्हायला कुणी नसलं तर फुकटचं अ‍ॅप ते काम करतं, हे लई भारी. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून मोहीम मीच मराठीत वाचतो, एकूण १४ आहेत. पुतणीनं पटावरचं दार उघडलं की मगच आतले राक्षस, कपाटं, टेबल मांडायचं, तेव्हा ती अक्षरशः श्वास रोखून बसती. महाग आहे, पण काल जेवायला सुद्धा कुणी उठलं नाही.