स्वरयंत्रात अडकलेली सीताफळाची बी : पुण्यातील एका कान-नाक-घसा रुग्णालयाचा अनुभव

सासवडच्या सीताफळाचा गर भरवताना आमच्या अडीच वर्षांच्या मुलीला जोराचा ठसका लागला. तो थांबला, पण आवाज घोगरा झाला आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. जवळच्या दवाखान्यात सर्दी समजून खोकल्याचे औषध मिळाले, याचे आजही वाईट वाटते.

रात्री ज्या रुग्णालयात गेलो, तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खाताना अचानक ठसका लागला होता का?" एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, परंतु बिया, शेंगदाणे आणि प्लॅस्टिक त्यात बहुधा दिसत नाहीत, हे शांतपणे समजावून त्यांनी पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने तपासण्याचे ठरवले. बी स्वरतंतूंच्या मध्ये उभी अडकली होती, म्हणूनच बाजूने थोडी हवा जात होती. बारीक चिमट्याने ती काढल्यावर श्वासनलिकाही तपासली, सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड दिले आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवले. ती काळी, गुळगुळीत बी बाटलीत घालून आमच्या हाती दिली.

मात्र दाखल करून घेण्याच्या खिडकीवर अनामत रकमेसाठी वीस मिनिटे थांबवले, हे मला मुळीच मान्य नाही. श्वास अडलेल्या लेकराला आधी आत घ्यायला हवे.

निघताना परिचारिकेने बजावले, की मूल खोकत असेल तर खोकू द्यावे, आणि वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, कारण त्याने ती आणखी आत ढकलली जाते.