नवीन घरं कुठे व्हावीत: जुन्या सोसायट्या, समाविष्ट गावं की टीपी स्कीम? हरकत लिहिण्याआधी एक तुलना

पुण्यात कोथरूडमधे आमच्या गल्लीत सध्या एकापाठोपाठ एक सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय, चार मजल्यांच्या जागी बारा-चौदा मजले होतायत, आणि त्यावरून लोकांचे सरळ दोन गट पडलेत. एक गट म्हणतो बास झालं आता, नवीन काय बांधायचं ते बाहेर बांधा, तिकडे गावांमधे जागा पडलीय. दुसरा म्हणतो बाहेर ना पाणी ना रस्ता, जे काय व्हायचं ते इथेच उंच होऊ दे. महापालिकेने आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की दोन्हीकडून तावातावाने अर्ज जातात. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मधे जाहीर झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, आणि तो मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. एवढ्या लोकांनी एवढं लिहूनही बहुतेक अर्ज "आमच्याकडे नको" एवढ्यावरच थांबतात, आमच्याकडे नको तर मग कुणाकडे आणि तिथे काय होईल हे लिहिलेलं फार कमी वेळा दिसतं. म्हणून ज्यांना खरंच ठरवायचंय की आपण कुठल्या बाजूने लिहायचं, त्यांच्यासाठी हे शेजारी-शेजारी मांडतोय.

पर्याय मुख्य तीन. पहिला, जुन्या भागात रीडेव्हलपमेंट, म्हणजे कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, डेक्कन असा सगळा पट्टा. दुसरा, समाविष्ट गावांत, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत नंतर घेतलेल्या गावांत, आत्ता चाललंय तसं, ज्याची जमीन त्याने एनए म्हणजे बिनशेती करून बिल्डरला द्यायची आणि स्कीम उभी करायची. तिसरा, त्याच गावांत पण टीपी स्कीम करून, म्हणजे नगररचना योजना, आधी रस्ते आणि प्लॉट आखायचे आणि मग बांधायचं. चौथा एक पर्याय अधूनमधून डोकं वर काढतो तो टेकड्यांचा, त्यावर शेवटाकडे थोडक्यात.

आधी पाणी, कारण माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. यातूनच पुणं पितं आणि यातूनच मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरची शेती भिजते, त्यामुळे शहराने जास्त उचललं की तिकडे आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाळीने सुटणारं पाणी, कमी होतं आणि दरवर्षी उन्हाळ्यात पाटबंधारे खातं आणि महापालिका यांची जुंपते. घर कुठेही बांधा, माणूस पाणी तेवढंच पिणार, म्हणून धरणाच्या हिशोबात तिन्ही पर्याय सारखेच आहेत. खरा फरक आहे नळाचा. जुन्या भागात पाइपलाइन आहे, टाक्या आहेत, मैलापाण्याची लाइन आहे, सगळं जुनं आणि कमी पडणारं असेल पण आहे. समाविष्ट गावांत बऱ्याच ठिकाणी तेच नाही.

माझ्या मित्राचा फ्लॅट उंड्रीला आहे, मोठी सोसायटी, क्लबहाउस वगैरे सगळं आहे. सकाळी सहाला गेटवर टँकरची रांग लागते, वॉचमन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो, कमिटीतलं कुणीतरी एक जण टाकीत पट्टी बुडवून लेव्हल बघतो आणि मगच सही करतो, कारण टँकर पूर्ण भरलेला होता की नाही यावर रोज वाद. मेंटेनन्सचा मोठा हिस्सा याच्यात जातो. परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन, पण सोसायटी रजिस्टर होऊन ताबा दिला की तो कागद हातात घेऊन कुणाच्या मागे पळायचं हा प्रश्न उरतो. आणि हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाही. जानेवारी २०२५ मधे जीबीएसची, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली ती नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, आणि पहिला संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावरच, विहिरी तपासल्या गेल्या, खासगी आरओ प्लांट तपासले गेले. धायरी २०१७ मधे महापालिकेत आलं, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ मधे. हद्दीत येऊन वर्षं झाली तरी शुद्ध पाण्याचा भरवसा नसेल तर तिथे अजून हजारो फ्लॅट मंजूर करा असं मी तरी लिहून देणार नाही.

टीपी स्कीममधे पाणी आपोआप येतं असं नाही, पण पाइप टाकायला रस्ता तरी असतो, टाकीला जागा तरी राखलेली असते.

आता रस्ते. इथे मात्र जुन्या भागातल्या लोकांची तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नये. आमच्याकडची एक गल्ली सहा मीटरची. दोन्ही बाजूंना टू-व्हीलर, एका बाजूला चारचाकी, मधून शाळेची व्हॅन, आणि त्यात काँक्रीट मिक्सर मागे घेताना सगळी गल्ली अर्धा तास बंद. सोळा फ्लॅटच्या जागी चाळीस झाले आणि प्रत्येकी दोन गाड्या आल्या तर काय होणार हे सांगायला तज्ज्ञ नको. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमधे, हे बऱ्यापैकी धरलेलं आहे: रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१० एफएसआयच (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या १.१० पट बांधकाम), पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही आणि टीडीआरही (दुसरीकडे जमीन दिल्याबद्दल मिळालेला बांधकामाचा हक्क) नाही, ९ ते १२ मीटरला सगळं मिळून २ पर्यंत, वर जिने-बाल्कनी वगैरेंसाठीचा अ‍ॅन्सिलरी वेगळा. म्हणजे अरुंद गल्लीत टॉवर उभा राहू नये अशीच तजवीज आहे. पण मग काय होतं, तर सहा मीटरचे रस्ते कागदावर नऊ मीटर करा अशी मागणी येते. २०२० मधे महापालिकेने असे ३२३ रस्ते रुंद करायचं ठरवलं होतं आणि त्यावर शहरभर वाद झाला. माझं मत, रुंदी प्रत्यक्ष जमिनीवर मिळणार असेल, म्हणजे प्लॉटमधून जागा सोडून खरोखर फूटपाथ आणि रस्ता होणार असेल तर ठीक, नुसती नकाशात रेघ सरकवून एफएसआय मिळवायचा असेल तर तिथे हरकत घेतलीच पाहिजे.

दुसरीकडे मेट्रो. वनाज ते रामवाडी पूर्ण मार्ग मार्च २०२४ पासून चालू आहे, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट सप्टेंबर २०२४ पासून. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत टीओडीचे, म्हणजे मेट्रोलगत दाट वस्ती होऊ देण्याचे, नियम लागतात, रस्ता रुंद आणि प्लॉट मोठा असेल तर एफएसआय ४ पर्यंत जातो. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, ही सगळी स्टेशनं जुन्या सोसायट्यांच्या मधोमध आहेत. एवढा पैसा घालून मेट्रो केली आणि तिच्याशेजारी माणसं राहायला येऊ दिली नाहीत, तर ती माणसं वाघोलीहून दुचाकीवर नगर रोडने येणार, आणि तो धूर आणि ती कोंडी आपल्याच वाट्याला. म्हणून स्टेशनजवळ घरं वाढवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त तिथल्या इमारतींना तीन-तीन मजले पार्किंग देण्याचा हट्ट कमी व्हायला हवा असं वाटतं.

समाविष्ट गावांतल्या रस्त्यांबद्दल काय लिहायचं. एकेका सर्व्हे नंबरवर एकेक स्कीम, प्रत्येकीचं गेट वेगळं, आणि दोन स्कीमना जोडणारा रस्ता कुणाच्याच मालकीचा नाही. जुनी पाणंद किंवा बैलगाडीची वाट, तिच्यावर डांबर ओतलंय. मधल्या तुकड्यांत गुंठेवारी, एकेक-अर्ध्या गुंठ्यावर लोकांनी कर्ज काढून तीन-चार मजले चढवलेत, त्यांनाही दोष देता येत नाही कारण परवडणारं दुसरं काही नव्हतंच. २०२१ मधे २३ गावं आल्यावर हद्द ५१६ चौरस किलोमीटरच्या आसपास गेली, मुंबई महापालिकेपेक्षा मोठी. पण त्या २३ गावांचं नियोजन सोपवलं पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, त्यांचा प्रारूप आराखडा २०२१ मधे आला, त्याच्यावरही हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मधे सरकारने तो रद्दच केला. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर आत घेऊन परत बाहेर काढली. या सगळ्या काळात बांधकाम परवानग्या मात्र चालूच. आधी लोक राहायला येतात आणि मग आराखडा येतो, मग शाळेची जागा कुठून काढणार, बागेची कुठून काढणार.

टीपी स्कीमचं वेगळेपण इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. समजा शंभर शेतकऱ्यांच्या वाकड्यातिकड्या जमिनी आहेत. सगळ्या एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, शाळा, बागा, गरिबांच्या घरांसाठी जागा काढायची, आणि उरलेली जमीन, साधारण निम्मी, नीट चौकोनी प्लॉट पाडून ज्याची त्याला परत द्यायची. प्लॉट लहान मिळतो पण रस्त्याला लागून मिळतो, त्यामुळे किंमत वाढते, आणि ज्याच्या जमिनीवर रस्ता पडला तो एकटाच बुडाला असं होत नाही. ही काही परकी कल्पना नाही. शिवाजीनगर, डेक्कनकडची जुनी खरेदीखतं बघा, त्यात "फायनल प्लॉट नंबर" लिहिलेला असतो, तो भांबुर्ड्याच्या जुन्या टीपी स्कीममधूनच आलेला. आज आपण ज्या भागाला "किती छान प्लॅन केलेला" म्हणतो तो असा झालाय. मगरपट्ट्यातही, ती कायद्याने टीपी स्कीम नसली तरी, शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र केली म्हणूनच तिथे सलग काही उभं राहू शकलं.

मग अडचण काय, तर वेळ. लवाद नेमायचा, एकेकाचं ऐकायचं, सातबाऱ्यावर भावकीची दहा नावं, त्यातला एक जण कोर्टात. पीएमआरडीएची म्हाळुंगे-माणची स्कीम सुमारे २५० हेक्टरची, हिंजवडी आणि बालेवाडीच्या मधे, एवढ्या मोक्याच्या जागी असूनही पटकन झाली असं कुणी म्हणणार नाही. ज्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे त्या शेतकऱ्याला बिल्डर आज चेक देतोय आणि सरकार म्हणतंय थांबा. तो थांबणार नाही, आणि त्याला थांब म्हणायचं तर आधी रस्ते करून दाखवायला पाहिजेत. तरीही तिन्हींत गावांसाठी हाच मार्ग मला न्याय्य वाटतो.

घर कुणाला मिळतं हा मुद्दा चर्चेत फारच कमी येतो. जुन्या भागात रीडेव्हलपमेंटमधला नवीन टू बीएचके कोटीच्या वर, म्हणजे पोलीस शिपाई, नर्स, दुकानात काम करणारे, यांचा विषयच संपला. शिवाय ४००० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटवर २० टक्के लहान घरं म्हाडामार्फत द्यायची अट असते, पण जुन्या सोसायट्यांचे प्लॉट एवढे मोठे नसतातच, त्यामुळे ती अट बहुतेक करून बाहेरच्या मोठ्या स्कीमनाच लागते. या एका बाबतीत गावं पुढे आहेत हे कबूल करायला पाहिजे. चार-पाच सोसायट्यांनी एकत्र येऊन रीडेव्हलपमेंट केली तर इथेही प्लॉट मोठा होईल, आणि सूचना म्हणून मी हे नक्की लिहीन.

पण रीडेव्हलपमेंटला नुसतं "बिल्डरची चांदी" म्हणणाऱ्यांनी एक बघावं. आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, लिफ्ट नाही, गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर खाली उतरणं जवळपास बंद, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर ओढून घेतात. भाजीवाला पिशवी भरतो, हिशोब वरून ओरडून होतो. त्यांच्यासाठी रीडेव्हलपमेंट म्हणजे लिफ्ट, बाकी काही नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रीडेव्हलपमेंटला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि त्या सोसायटीत बाहेर राहणारे, फ्लॅट भाड्याने दिलेले मालक कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, वाढवून घेण्यावरून अडून बसलेत.

टेकड्यांबद्दल माझं उत्तर एकाच शब्दात, नाही. १९९७ ला आलेल्या २३ गावांतली (ही २०२१ च्या २३ गावांहून वेगळी) ९७८ हेक्टर टेकड्यांची जमीन बीडीपी, म्हणजे जैववैविध्य उद्यान, म्हणून राखलीय, आणि तिथे थोडं तरी बांधू द्या ही मागणी काही थांबत नाही. जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर म्हणजे फारच कमी, त्यांचं म्हणणं रास्त आहे, मोबदला वाढवा, पण उतार खोदू नका. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगर-अरण्येश्वरच्या लोकांना विचारा, कात्रजच्या डोंगराकडून येणारं पाणी ओढ्याला मावलं नाही. तेच नदीकाठाचं, जुलै २०२४ मधे एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी होतं. पूररेषेच्या आत आणि टेकडीच्या उतारावर घरं, हा पर्याय म्हणून मांडूच नये.

तर ठरवताना तुम्ही कुठे उभे आहात ते बघा. मेट्रो स्टेशनच्या टप्प्यात, रस्ता नऊ मीटर किंवा जास्त असेल, तर जास्त घरांना पाठिंबा द्या आणि सोबत ड्रेनेज लाइन बदलण्याची, फूटपाथची अट लिहा. सहा मीटरच्या गल्लीत असाल तर आधी रस्ता मगच मजले. गावात तुमची जमीन असेल तर एकट्याने विकण्याआधी शेजारच्यांना घेऊन टीपी स्कीमची मागणी करा. गावात फ्लॅट घेत असाल तर सँपल फ्लॅट नंतर बघा, आधी शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकडची टँकरची वही बघा, मे महिन्यातली पानं.

आणि अर्ज लिहिताना "आमचा विरोध आहे" एवढंच लिहून चालत नाही, सुनावणीत तो दोन मिनिटांत बाजूला पडतो. सर्व्हे नंबर किंवा फायनल प्लॉट नंबर, झोन दाखला, विकास आराखड्याचा त्या भागाचा पार्ट प्लॅन, रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी आणि फोटो, हे जोडा. इथे नको म्हणत असाल तर त्याच कागदावर कुठे हवं तेही लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, आणि सुनावणीचं पत्र आलं की स्वतः जा.