मुक्ताईची वारी की घरची कानबाई?

देवाच्या जवळ जायचं तर खान्देशात दोन वाटा मला मनापासून भावतात.

पहिली मुक्ताईच्या पालखीची. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून ज्येष्ठात निघायचं ते आषाढीला पंढरपूर, जवळपास महिनाभराची चाल. पायाला फोड येतात, पण चारचौघांच्या टाळात 'मी' केव्हा गळून पडतो ते कळतही नाही. विठ्ठल मात्र तिथं दूर उभा. आपण त्याच्याकडे चालत जायचं.

दुसरी कानबाईची, खान्देशातल्या घरोघरच्या देवीची. ती उलटी, तीच घरी येते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. घर सारवून-रंगवून झालेलं, रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू दळून आणलेले, भाऊबंद गोळा झालेले. माझी आई कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला डोळे, नथ, लुगडं लावते आणि हात थरथरत असले तरी नथ दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. रात्रभर अहिराणी गाणी. सोमवारी विसर्जनाला निघताना आई पदर डोळ्यांना लावते, लेक सासरी धाडावी तशी.

वेळ आणि पायात बळ असेल तर वारी एकदा कराच. पण मला विचाराल तर माझा कौल कानबाईला. ज्या देवीला 'माय, पुढच्या वर्षी लवकर ये' असं हक्कानं सांगता येतं, तिच्याशी बोलायला मला शब्द शोधावे लागत नाहीत.